पाळीव पक्षी : शिक्षणाचे व शुश्रूषेचे साधन

वृद्धाश्रमात अन्न, औषध आणि निवारा यांची सोय झाली म्हणजे तेथील रहिवाशांच्या सर्व गरजा भागल्या, असे सामान्यतः समजले जाते. हा समज किती अपुरा आहे, याचा प्रत्यय १९९१ साली अमेरिकेतील एका लहानशा गावी आला. न्यूयॉर्क राज्यातील न्यू बर्लिन येथील चेस मेमोरियल शुश्रूषागृहात त्या वेळी ८० वृद्ध राहत होते. त्यांपैकी सुमारे निम्मे शरीराने अपंग होते आणि दर पाचांतील चौघांना स्मृतिभ्रंशासारख्या व्याधींनी ग्रासले होते. तेथे नव्याने रुजू झालेले तरुण डॉक्टर बिल थॉमस यांना असे आढळले की, औषधोपचारात काही उणे नसूनही कंटाळा, एकाकीपणा आणि असहायता या तीन दुखण्यांनी ही माणसे खंगत आहेत. त्यावर उपाय म्हणून त्यांनी शासनाची परवानगी मिळवून दोन कुत्रे, चार मांजरे आणि शंभर छोटे पोपट आणविले, बाग फुलविली आणि मुलांची ये-जा सुरू केली.

मूळच्या यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावच्या घराण्यातील शल्यचिकित्सक व लेखक डॉ. अतुल गावंडे यांनी ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४ सालच्या ग्रंथात या प्रयोगाची हकिकत दिली आहे. पक्षी येऊन पोहोचले तेव्हा पिंजरे आलेलेच नव्हते. शंभर पक्षी तळमजल्यावरील केशकर्तनाच्या खोलीत सोडून दार लावून घ्यावे लागले. सुरुवात अशी गोंधळाची झाली. परंतु थोड्याच दिवसांत प्रत्येक पक्ष्याला रहिवाशांनी नाव दिले आणि आपलेसे केले. बोलू शकत नाहीत असे ज्यांच्याविषयी वाटत होते, त्यांतील काही जण बोलू लागले. दोन वर्षांच्या अभ्यासात, तुलनेसाठी निवडलेल्या दुसऱ्या शुश्रूषागृहाच्या मानाने येथील औषधांचा खर्च ३८ टक्क्यांवर आला आणि मृत्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. कुत्रे, मांजरे, बाग आणि मुले हीही तेथे असल्याने याचे सर्व श्रेय पक्ष्यांना देता येणार नाही. तथापि माणसाच्या हाती सजीवाची निगा सोपविल्याने काय घडू शकते, हे त्यातून स्पष्ट होते.

गुण कशात आहे?

१९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी अभ्यासात यॉर्कशायरमधील एकट्या राहणाऱ्या काही वृद्धांना बजरीगर पक्षी, तर काहींना बेगोनियाचे रोप देण्यात आले होते. पक्षी सांभाळणाऱ्यांची मनोवृत्ती अधिक उल्हसित झाल्याचे आणि लोकांशी त्यांचा संपर्क वाढल्याचे आढळले. शेजारीपाजारी पक्ष्याची चौकशी करू लागले आणि वृद्धांना बोलण्यास विषय मिळाला. पुढील वर्षी, १९७६ साली, एलेन लँगर व जुडिथ रोडिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका शुश्रूषागृहातील दोन गटांना रोपे दिली. एका गटाने रोपाची निगा स्वतः राखावयाची व आपल्या दिनक्रमाचे निर्णयही स्वतः घ्यावयाचे होते. दुसऱ्या गटाच्या रोपांना परिचारिका पाणी घालीत. पहिला गट अधिक उत्साही आणि समाधानी दिसून आला.

या अनुभवांचा एकत्र विचार केल्यास एक गोष्ट लक्षात येते. ओसरीवर शोभेसाठी टांगलेला पिंजरा चार दिवसांत नजरेआड होतो. आपण पाणी बदलले नाही तर हा जीव तहानलेला राहील, ही जाणीव मात्र दररोज सकाळी माणसाला उठविते. म्हणून शाळा, वृद्धाश्रम किंवा दिव्यांगांची संस्था यांमध्ये पक्षी न्यावयाचा असेल, तर तो दाखविण्यासाठी न नेता सांभाळण्यासाठी न्यावा, हे या उपक्रमाचे पहिले सूत्र होय.

निवड आणि कायदा

आपल्याकडे पक्षी पाळणे म्हटले की राघूच डोळ्यांपुढे येतो. परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देशी पोपट पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे; मग तो घरचा असो, भविष्य सांगणाऱ्याचा असो की शाळेचा असो. बाजारात विकला जाणारा पोपट बहुधा झाडाच्या ढोलीतून पिल्लू असतानाच काढलेला असतो. मुलांना भूतदया शिकविण्यासाठी असा पक्षी विकत घेणे म्हणजे मूळ हेतूलाच हरताळ फासणे होय. जखमी राघू आढळल्यास तो नजीकच्या वन कार्यालयाच्या स्वाधीन करावा.

या उपक्रमास योग्य पक्षी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात पैदास झालेला बजरीगर. आपल्या बाजारात यालाच चुकीने ‘लव्हबर्ड’ म्हटले जाते. ऑस्ट्रेलियाचा हा पक्षी जॉन गूल्ड यांनी १८४० साली प्रथम जिवंत इंग्लंडमध्ये नेला आणि तेव्हापासून तो माणसाळत आला आहे. त्याचे वजन सुमारे ३० ते ४० ग्रॅम भरते. कळपात राहणारा पक्षी असल्याने तो जोडीने ठेवावा. कॉकाटील हाही शांत स्वभावाचा पक्षी आहे. मात्र त्याच्या पिसांतून भुकटी पडत असल्याने दमेकऱ्यांच्या सान्निध्यात तो ठेवू नये. काकाकुवा, मकाव आणि आफ्रिकी करडा पोपट यांसारख्या आंतरराष्ट्रीय करारान्वये संरक्षित विदेशी जाती बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार शासनाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बजरीगर व कॉकाटील या करारातील सूचीत नाहीत.

वर्गातील उपयोग

दोन बजरीगर पक्षी वर्गाला वर्षभराचा अभ्यास पुरवू शकतात. चोचीच्या मुळाशी असलेली पट्टी प्रौढ नराची बहुधा निळी, तर मादीची तपकिरी असते. पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असल्याने पोपटाला दाणा पायात धरता येतो किंवा फांदीवर चढता येते; चिमणीच्या पायाशी त्याची तुलना विद्यार्थी स्वतः करू शकतात. दर आठवड्यास पक्ष्याला छोट्या तराजूवर बसवून वजनाचा आलेख काढल्यास गणित व विज्ञान यांची सांगड बसते. पक्षी आपले आजारपण लपवितो. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचे वजन तीन-चार ग्रॅमने घटले, तर बाह्यतः काही दिसत नसले तरी त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले पाहिजे. आलेखाची उतरती रेषा म्हणजे काय, हे मुलांना येथे कळते. वर्गापुढे वाचताना अडखळणाऱ्या मुलास पिंजऱ्याजवळ बसून मोठ्याने वाचण्यास सांगून पाहावे. तेथे त्याच्या चुकांना हसणारे कोणी नसते.

आरोग्याची दक्षता

पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसास सिटॅकोसिस हा जंतुजन्य रोग होऊ शकतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे शरीरात गेल्याने तो होतो. ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला ही त्याची मुख्य लक्षणे असून योग्य प्रतिजैविकांनी तो बरा होतो. मात्र घरात पक्षी असल्याचे डॉक्टरांना सांगितले पाहिजे. हे लक्षात घेऊन नव्या पक्ष्याला किमान ३० दिवस वेगळे ठेवावे, पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे, पिंजऱ्याचा तळ कोरडा न झाडता ओल्या फडक्याने पुसावा आणि पक्षी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे किंवा ज्यांना फुप्फुसाचा विकार आहे, त्यांना या उपक्रमातून वगळावे. २००६ साली नवापूर येथे आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लूची लागण झाली होती. परिसरात अशी साथ असताना पक्ष्यांच्या भेटी तत्काळ थांबवाव्यात.

भेटीची रीत

कायमचा पक्षी ठेवणे शक्य नसल्यास गावातील एखाद्या कुटुंबाने आपला माणसाळलेला पक्षी आठवड्यातून एकदा संस्थेत आणावा. खोलीत शिरताच प्रथम छताचा पंखा बंद करावा व खिडक्या लावून घ्याव्यात. भेट अर्ध्या तासाहून अधिक लांबवू नये. पक्ष्याला मुठीत आवळू देऊ नये. पक्ष्यांच्या शरीरात आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड खाली-वर होऊनच त्यांचा श्वासोच्छ्वास चालतो. त्यामुळे प्रेमाने आवळलेली मूठही त्याचा जीव घेऊ शकते. पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला, अंग चोरून बसला किंवा हातापासून दूर सरकू लागला, तर भेट तेथेच संपवावी. कोणाच्या जवळ जावयाचे हे पक्ष्याने ठरवावे. ही शिस्त मुलांना माणसांशी वागतानाही उपयोगी पडेल.

सुट्टीतील प्रश्न

अशा उपक्रमांची खरी कसोटी उद्घाटनाच्या दिवशी लागत नाही. ती दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत लागते. शाळेला कुलूप लागल्यावर दाणापाणी कोण देणार? फटाक्यांच्या आवाजापासून पिंजरा कोण हलविणार? विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली पक्षी तग धरू शकणार नाही, तेव्हा तो कोणाच्या घरी जाणार? प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार, पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा अपुऱ्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणेही क्रूरताच ठरते. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने किंवा ग्रामपंचायतीने ठराव करताना त्यात पिंजऱ्याच्या खर्चाबरोबरच राळे-बाजरी व पालेभाजीचा मासिक खर्च, दवाखान्याची व्यवस्था आणि सुट्टीत पक्षी सांभाळणाऱ्या दोन व्यक्तींची नावे नमूद करावीत.

ही नावे मिळत नसतील, तर पक्षी आणू नये. त्याऐवजी शाळेच्या किंवा वृद्धाश्रमाच्या अंगणात झाडाच्या सावलीत पाण्याचे मातीचे पसरट भांडे ठेवावे, ते रोज घासून भरण्याचे काम पाळीपाळीने विद्यार्थ्यांवर किंवा आजी-आजोबांवर सोपवावे आणि येणाऱ्या चिमण्या, साळुंक्या व बुलबुल यांची नोंद ठेवावी. त्यात कायद्याची अडचण नाही आणि खर्चही नाममात्र आहे. मुख्य म्हणजे, न्यू बर्लिनच्या वृद्धांना जे लाभले तेच येथेही लाभू शकते : आपल्या हातून कोणा जिवाची सोय होते आहे आणि उद्याही आपली गरज आहे, हा विश्वास.