बिनपाण्याने नको!

(मोठ्या गटासाठी पाठ. मुलामुलींनी पालकांसह वाचावा.)



वर्गाच्या दारापाशी ठेवलेल्या प्रश्नपेटीत या वेळी एक चिठ्ठी निघाली. "दाढी करताना एक हात फिरवून झाला की तोंड धुवायचं का? का तसाच परत साबण लावायचा? मी मागच्या आठवड्यात केली तर हनुवटी लाल झाली. बाबा आतल्या भागात साइटवर असतात. फोनवर विचारायला लाज वाटते."

चिठ्ठीवर नाव नव्हते. अक्षर आम्ही ओळखले, पण नाव सांगणार नाही. असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडत असणार. म्हणून या अंकातला पाठ याच विषयावर देत आहोत.

शुक्रवारी वर्ग सुटेपर्यंत बाहेर थांबणाऱ्या बाबालोकांना आम्ही हा प्रश्न विचारला. लगेच दोन तट पडले. एक म्हणे, "धुतल्याशिवाय दुसरा हात फिरवूच नये." दुसरे म्हणे, "आमच्या वडिलांनी कधी धुतलं नाही, काही बिघडलं नाही." दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. कसे ते पाहू.

प्रथम दोन शब्द. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने पाते फिरवले की तो सुलटा हात. त्याच्या विरुद्ध फिरवले की उलटा हात. आता आपल्या गावच्या सलूनमध्ये काय चालते ते आठवा. कारागीर ब्रशने फेस करतो, सुलटा हात फिरवतो. मग फवाऱ्याने थोडे पाणी मारतो, ओल्या तळव्याने गाल चाचपतो आणि पुन्हा फेस लावून उलटा हात फिरवतो. मध्ये तो गिऱ्हाइकाला बेसिनवर नेऊन तोंड धुवायला लावत नाही. पण कोरड्या गालावर पातेही लावत नाही.

यामागचे कारण सोपे आहे. कोरडा केस ताठ असतो. दोन-तीन मिनिटे पाण्यात भिजला की तो फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. फेसाचे काम दोन प्रकारचे: पाणी केसावर धरून ठेवणे आणि पाते घसरते ठेवणे. सुलट्या हाताबरोबर बराचसा फेस निघून जातो. त्याच जागी पुन्हा पाते फिरवले तर ते केसाबरोबर कातडीही खरवडते. हनुवटी लाल होते ती यामुळे.

म्हणजे दोन हातांच्या मध्ये पाणी आणि नवा फेस हवाच. तोंड खळखळून धुतलेच पाहिजे असे मात्र नाही. ओल्या हाताने चेहरा भिजवावा आणि त्यावर फेस लावावा, एवढे पुरते. फेस वाळून कापलेले केस गालाला चिकटले असतील, तर ओंजळभर पाण्याने धुवावे. चोळू नये आणि टॉवेलने पुसू नये. साबण अल्कधर्मी असतो, तर त्वचा किंचित आम्लधर्मी. पुन्हा पुन्हा गरम पाण्याने धुतले की त्वचेवरचे नैसर्गिक तेल निघून जाते आणि ती ओढल्यासारखी होते. धुवायचेच असेल तर पाते धुवा, दर दोन-तीन फटकाऱ्यांनंतर!

आता आपल्या ओमानची गोष्ट. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की थंड पाण्याच्या नळालाही कढत पाणी येते. म्हणून आपण गीझर बंद ठेवतो आणि त्यातले घरात निवलेले पाणी वापरतो. जून-जुलैत दाढीसाठी असेच निवलेले पाणी मगमध्ये घ्यावे. शिवाय मस्कतच्या नळाचे पाणी प्रामुख्याने समुद्राचे पाणी गोडे करून मिळते. घुब्राचा असा पहिला प्रकल्प १९७६ साली सुरू झाला. नळ मिनिटाला ६ लिटर सोडत असेल आणि दाढी ५ मिनिटे चालली, तर ३० लिटर पाणी मोरीत गेले. मगमध्ये तेच काम एक-दोन लिटरात होते.

चिठ्ठीवाल्या मित्रा, आता खास तुझ्यासाठी. पहिले वर्षभर सुलटा एकच हात पुरे. उलट्या हाताची घाई करू नकोस. केस फार खोल कापला तर त्याचे टोक कातडीखालीच वाढू लागते आणि तिथे फोड येतो. मुरमांवरून पाते नेऊ नकोस. शेवटी थंड पाण्याने धुऊन चेहरा टिपून घे. बारीकसे कापले तर ओली तुरटी लाव. झोंबेल, पण रक्त थांबेल. आणि बाबांचे पाते वापरू नकोस, ते घरातलेच असले तरी. रक्तातून कावीळ ब सारखे आजार पसरू शकतात.

लाज मात्र बाळगू नकोस. बाबा सुट्टीवर आले की त्यांना आरशासमोर शेजारी उभे कर. तेही कधीतरी असेच कुणाच्या शेजारी उभे राहून शिकले असतील. पालकहो, तुम्हालाही विनंती: मुलाने विचारण्याची वाट पाहू नका.

शब्दांची ओळख
वस्तरा: घडीचे धारदार पाते.
धोकटी: वस्तरा, कात्री, आरसा ठेवायची पिशवी.
बिनपाण्याने हजामत करणे: एखाद्याची चांगलीच खरडपट्टी काढणे. पाणी न लावता दाढी केली तर काय होते हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, म्हणून तर हा वाक्प्रचार आला!

संत सेना महाराजांनी आपल्या या व्यवसायावरच अभंग रचला. त्यात विवेक हा आरसा आहे, वैराग्य हा चिमटा आहे आणि डोके भिजवायचे पाणी आहे शांती. साधनांमध्ये पाण्याला त्यांनी दिलेली जागा लक्षात ठेवा.

स्वाध्याय
१. 'बिनपाण्याने हजामत करणे' हा वाक्प्रचार वापरून दोन वाक्ये लिहा.
२. नळाखाली एक मिनिट बादली ठेवा आणि पाणी मोजा. ५ मिनिटांचा हिशेब करा. ते पाणी झाडांना घाला.
३. एकसारख्या दोन बाटल्यांपैकी एकीत नळाचे आणि दुसरीत विकतचे पाणी अर्धे भरा. प्रत्येकीत साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. फेस कुठे जास्त होतो? पाण्यात क्षार जास्त असतील तर फेस कमी होतो.
४. आजोबांना फोन करून विचारा: "तुम्हाला दाढी करायला कोणी शिकवलं?" उत्तर मराठीत पाच ओळींत लिहून आणा. मुलींनीही विचारावे. निवडक उत्तरे पुढच्या अंकात छापू.