‘हा पोरगा आपल्या संघात हवा’ म्हणण्याआधी

रविवारी सकाळी दौंडच्या रेल्वे मैदानावरचा किंवा शिरूरच्या कॉलेज मैदानावरचा सामना संपला, की खरा सामना चहाच्या टपरीवर सुरू होतो. मधल्या फळीतला एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आपण नुकताच पाहिलेला असतो. पाठीवर दोन खेळाडू असताना त्याने वळून असा चेंडू दिला, की पुढच्याला फक्त पाय लावायचे काम उरले. मग एक जण म्हणतो, पुढच्या मोसमात याला आपल्याकडे घ्या. दुसरा म्हणतो, थेट मुंबई सिटीला कळवा. तिसऱ्याने तोवर त्याची क्लिप चार ग्रुपवर टाकलेलीही असते. ही आवड खरी आहे. आता त्या आवडीपासून नोंदणीच्या अर्जापर्यंत कोणत्या क्रमाने जायचे ते पाहू.

१. कोणत्या संघासाठी बोलतो आहोत, हे आधी ठरवा

गावचा क्लब, पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये खेळणारा क्लब आणि व्यावसायिक क्लब, या तिघांच्या गरजा अगदी वेगळ्या असतात. गावच्या संघाला दर रविवारी हजर राहणारा खेळाडू हवा असतो. व्यावसायिक क्लब मात्र तीन वर्षांनंतरचा खेळाडू शोधत असतो.

पुण्याचा अलीकडचा इतिहासही ध्यानात ठेवावा. २००७ मध्ये सुरू झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता. भारत एफसी २०१५ मध्ये एकच मोसम खेळला. डीएसके शिवाजियन्स आला आणि गेला. २०१४ मध्ये सुरू झालेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला. बारा वर्षांत चार व्यावसायिक संघ पुण्यात आले आणि त्यांतला एकही उरला नाही. जुलै २०२५ मध्ये तर इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) पुढचा मोसमच आयोजकांनी अनिश्चित काळासाठी थांबवला होता. त्यामुळे ‘मोठ्या क्लबला कळवा’ असे सांगण्यापूर्वी तो क्लब आणि ती स्पर्धा त्या मोसमात कोणत्या अवस्थेत आहे, याची चौकशी करावी. बहुतेक मुलांसाठी पुढची योग्य पायरी पुण्याच्या लीगमधला, रोज सराव घेणारा क्लब हीच असते. टपरीवर हे कोणाला आवडत नाही, पण ते खरे आहे.

२. तीन सामने पाहा, आणि एका सामन्यात चेंडूकडे पाहूच नका

एका सामन्यावरून मत बनवू नये. तीनपैकी एक सामना परक्या मैदानावरचा असावा आणि एक ताकदवान संघाविरुद्धचा. शक्य झाल्यास पावसाळ्यातला, चिखलातलाही एक पाहा. कोरड्या, सपाट जमिनीवर ज्याचा पहिला टच सुंदर दिसतो, त्याची चिखलात अनेकदा पंचाईत होते.

त्यांतल्या एका सामन्यात निदान तीस मिनिटे फक्त त्या मुलाकडेच नजर ठेवा. मोबाइलची क्लिप हे काम करू शकत नाही, कारण ती चेंडूच्या मागे धावते. सर्जनशील मिडफिल्डरची, म्हणजे संधी निर्माण करणाऱ्या मधल्या खेळाडूची, खरी कामगिरी चेंडू पायाशी येण्याच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत होते. चेंडू त्याच्याकडे निघाला आहे. तो मान वळवून मागे, डावीकडे, उजवीकडे पाहतो का? किती वेळा? नॉर्वेचे संशोधक गायर योर्डेट यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डरांच्या याच सवयीचा अभ्यास केला. चेंडू येण्याआधी जे खेळाडू अधिक वेळा आजूबाजूला पाहत होते, त्यांचे पास अधिक वेळा साधत होते. प्रशिक्षक याला ‘स्कॅनिंग’ म्हणतात. ते मोजायला कॅमेरा लागत नाही. कडेला उभे राहून बोटांवर मोजता येते.

दुसरी गोष्ट त्याच्या उभे राहण्याची. प्रतिस्पर्ध्याची मधली फळी आणि बचावफळी यांच्यामधल्या पट्ट्यात, कोणाच्याच थेट ताब्यात नसलेल्या जागी तो उभा राहतो का? चेंडू घेताना शरीर अर्धे वळलेले ठेवतो का, की प्रत्येक वेळी स्वतःच्या गोलकडे तोंड करून घेतो आणि आला तसा परत देतो? अर्धे वळून घेणाऱ्याला पुढचे मैदान दिसते.

तिसरी गोष्ट चेंडू गमावल्यानंतरची. हात झटकून पंचाकडे पाहत उभा राहणारा मुलगा आणि लगेच पाच पावले मागे धावणारा मुलगा, यांत पुढे जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

३. वही ठेवा

चार रकाने पुरेत. पहिला, पुढच्या दिशेने दिलेले आणि साधलेले पास. दुसरा, ‘की पास’, म्हणजे ज्या पासनंतर सहकाऱ्याने लगेच गोलवर फटका मारला तो. फटका फुकट गेला तरी पास मोजायचा, कारण चूक फटका मारणाऱ्याची आहे. तिसरा, चेंडू गमावला ती जागा. चौथा, गमावलेला चेंडू त्याने स्वतः परत मिळवला का.

तिसऱ्या रकान्यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडे निम्मी भांडणे तिथेच होतात. ‘चेंडू फार घालवतो’ ही तक्रार प्रत्येक कल्पक खेळाडूच्या वाट्याला येते. संधी निर्माण करणारा खेळाडू चेंडू गमावणारच, कारण तो अवघड पास देतो. प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी क्षेत्राजवळ गमावलेल्या चेंडूला माफी आहे. आपल्या गोलसमोर तीस मीटरवर, दोघांना चकवण्याच्या नादात गमावलेल्या चेंडूला नाही. वहीत मैदानाचे तीन भाग आखून खुणा करा. तीन सामन्यांनंतर वाद आपोआप मिटेल, निदान त्याचा आवाज तरी कमी होईल.

गोल आणि असिस्टचे आकडे वेगळे लिहा आणि त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. स्थानिक सामन्यात समोरचा बचावपटू रात्रपाळी करून आलेला असू शकतो.

४. अंगकाठीवरून निकाल देऊ नका

वयोगटाच्या स्पर्धांत वर्षाची मोजणी सहसा १ जानेवारीपासून होते. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. पंधराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक खांद्यांत आणि पायांच्या ताकदीत उघड दिसतो, आणि निवड बहुतेक वेळा थोराड मुलाची होते. लहान चणीचा मुलगा डोक्याने खेळायला शिकलेला असतो, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्गच नसतो. त्याला बाद करण्यापूर्वी त्याचा जन्ममहिना विचारा.

२०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. कोलकात्यातल्या अंतिम सामन्यात इंग्लंडने स्पेनला ५-२ ने हरवले. त्यात दोन गोल करणारा किरकोळ अंगाचा फिल फोडेन स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्याच महिन्यात मँचेस्टर सिटीने त्याला मोठ्या संघातून मैदानावर उतरवले, पण दर आठवड्याला खेळवण्याची घाई केली नाही. त्याच्या जागेवर डेव्हिड सिल्वा २०२० पर्यंत होता. तेवढी वाट पाहण्याची तयारी आपल्या क्लबची आहे का, हे स्वतःला विचारावे.

५. जन्मदाखला पाहा, आणि त्यावरच्या दोन्ही तारखा पाहा

आपल्या आजोबांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिलेली असे. आता तशी परिस्थिती नाही, तरी वयाची चोरी थांबलेली नाही. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या दाखल्यावर जन्माची तारीख असते, तशी नोंदणीचीही असते. दोन्हींत अनेक वर्षांचे अंतर असेल तर कारण विचारा. ते प्रामाणिक असू शकते. पण पुढे निवड समितीही तोच प्रश्न विचारणार असते.

वयोगटाच्या स्पर्धांत हाडांची चाचणीही होते. टीडब्ल्यू-३ या पद्धतीत डाव्या हाताच्या व मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढतात. फिफाच्या सतरा वर्षांखालील स्पर्धांत मनगटाचा एमआरआय होतो. म्हणून दोन वर्षे कमी दाखवून ‘सोय’ करून देणाऱ्याला दारातही उभा करू नये.

६. मुलाशी नंतर बोला, आधी त्याच्या प्रशिक्षकाशी आणि मग घरी

हा क्रम मोडला की मने दुखावतात. कोल्हापुरात मोसमापूर्वी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) नोंदणीच्या दिवसांत पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा या संघांचे समर्थक कोण कुठे गेला याचीच चर्चा करतात. कोणाचा खेळाडू कोणी फोडला, हे वर्षभर विसरले जात नाही. तिथे शंभर वर्षांच्या आसपासची परंपरा आहे, तो ताण तिला पेलतो. आपल्याकडे दोन तालुक्यांत मिळून मोजकेच संघ. त्यांत वैर करून चालत नाही.

घरी गेल्यावर कौतुक थोडक्यात करा आणि मुद्द्याचे विचारा. दहावी-बारावीचे वर्ष आहे का? आधी कोणती दुखापत झाली आहे का? सरावाला जाण्या-येण्याचा खर्च कोण करणार? दौंडच्या मुलाला पुण्याला जायला रेल्वे आहे. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे एसटी, आणि संध्याकाळी वाघोलीच्या कोंडीत अडकणे आलेच. सरावाला आठवड्यातून चार दिवस जाणे झेपेल का, याचा हिशेब आई-वडिलांसमोर कागदावर मांडा. तो जमत नसेल तर राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची चौकशी करा. तिथे निवास, शिक्षण आणि प्रशिक्षण एकत्र असते. २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतच घडला.

आणि मुलाच्या क्लिप समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी पालकांची परवानगी घ्या. ‘दौंडचा मेस्सी’ अशी ओळ तर मुळीच लिहू नका. सोळाव्या वर्षी ते ओझे कोणालाही पेलत नाही.

७. आधीची नोंदणी तपासा

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची सीआरएस नावाची मध्यवर्ती ऑनलाइन नोंदणी आहे. मुलगा आधीच एखाद्या क्लबच्या नावावर असेल, तर तिथून रीतसर बदली झाल्याशिवाय त्याला आपल्याकडून अधिकृत सामन्यात उतरवू नये. ‘नंतर बघू’ म्हणून उतरवलेल्या खेळाडूमुळे जिंकलेले गुण जाऊ शकतात. फिफाच्या नियमानुसार एका मोसमात खेळाडूची नोंद जास्तीत जास्त तीन क्लबांत होऊ शकते, आणि सर्वसाधारणपणे त्यांतल्या दोनच क्लबांकडून तो अधिकृत सामने खेळू शकतो.

लहान क्लबांनी इथे एक गोष्ट स्वतःसाठीही करावी. बारा वर्षांपासूनची मुले वेळेवर नोंदवावीत. फिफाच्या ‘सॉलिडॅरिटी’ नियमानुसार करार संपण्याआधी खेळाडू पैसे घेऊन एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. रक्कम एक कोटी असेल तर चौदाव्या वर्षाचे पंचवीस हजार होतात. लॉटरीच्या आशेने हे करू नये, पण नोंदच नसेल तर हक्कही सांगता येत नाही.

८. सही करण्यापूर्वी वयाचा हिशेब

भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्र नसते. त्यामुळे पालकांना बाजूला ठेवून मुलाची सही घेऊ नये. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूचा करार तीन वर्षांहून अधिक मुदतीचा धरला जात नाही. पाच वर्षांचा कागद कोणी पुढे केला, तर तो वकिलाला दाखवल्याशिवाय उचलू नका.

युरोपातल्या क्लबमध्ये चाचणी लावून देतो, दोन लाख भरा, असे सांगणारे लोक गावोगाव फिरतात. मोजके अपवाद सोडले, तर अठरा वर्षांखालील खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली फिफाने बंद केली आहे. आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले, हा त्यांतला एक अपवाद. शिरूरमध्ये राहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला तो लागू होत नाही. एजंट असल्याचे सांगणाऱ्याकडे फिफाचा परवाना मागा. परवानाधारकांची नावे फिफाच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

९. चाचणीच्या दिवशी

वहीतल्या नोंदी एका पानावर उतरवून सोबत द्या. मुलाला तिथे पूर्ण सामना खेळायला मिळेल का, की वीस मिनिटांत तीस मुले पाहणार, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. वीस मिनिटांच्या गर्दीत मिडफिल्डर दिसत नाही, फक्त धावणारे दिसतात. आदल्या रात्री त्याला पुण्यात नातेवाइकांकडे मुक्कामाला पाठवता आले तर उत्तम. पहाटे चारला उठून आलेले पाय दहा वाजता जड असतात.

आणि कागदपत्रे: जन्मदाखला, आधार, शाळेचे बोनाफाइड, दोन फोटो, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. मूळ दाखला दाखवावा आणि तिथल्या तिथे परत घ्यावा. तो कोणाच्याही कपाटात ठेवून येऊ नका.