विजेची कणगी

सूर्य दिवसा तळपतो, दिव्याची गरज मात्र रात्री लागते. वाराही आपल्या लहरीने वाहतो. सुगीचे धान्य शेतकरी कणगीत भरतो, म्हणून ते वर्षभर पुरते. विजेलाही अशी कणगी मिळाल्याखेरीज सौर व पवन ऊर्जेवर विसंबून राहता येणार नाही. विद्युत्‌-रसायनशास्त्राने ही कणगी कशी घडविली, ते थोडक्यात पाहू.

इटलीच्या व्होल्टाने १८०० साली जस्त आणि चांदी किंवा तांबे यांच्या चकत्या रचून, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले तुकडे ठेवून अखंड विद्युत्‌प्रवाह मिळविला. परंतु जस्त झिजले की घट संपे. १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने गंधकाम्लात शिशाचे पत्रे ठेवून नवा घट केला. उलट दिशेने प्रवाह सोडला की तो पुन्हा भरत असे.

घटात वीज ही वीज म्हणून साठत नाही. शिशाचा घट वापरताना दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट बनते. तो भरताना एकावर शिसे व दुसऱ्यावर शिशाचे ऑक्साइड परत तयार होते. झालेली रासायनिक क्रिया माघारी फिरविता येणे, हेच साठवणुकीचे मर्म होय.

शिसे जड, तर लिथियम सर्वांत हलका धातू. व्हिटिंगहॅम, गुडइनफ व योशिनो यांच्या संशोधनातून लिथियम-आयन घट साकारला आणि १९९१ साली बाजारात आला. या तिघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९८० साली गुडइनफ यांनी या घटासाठी कोबाल्टचे ऑक्साइड सुचविले होते. आज जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून निघतो, आणि तेथील काही लहान खाणींत मुलेही राबतात. पुढे १९९७ साली गुडइनफ यांच्याच गटाने लोहाच्या फॉस्फेटचा मार्ग दाखविला. त्यात कोबाल्ट लागत नाही. सोडियमच्या घटांवरही काम चालू आहे. ते वजनाच्या मानाने कमी ऊर्जा साठवितात. पण सौर केंद्राशेजारी एका जागी ठेवायच्या घटाला वजनाची फारशी अडचण नाही, आणि सोडियम तर मिठातही आहे.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. तरीही हा विषय मला परका वाटत नाही. घटात कोणता धातू घालावा हे रसायनशास्त्र सांगेल. परंतु तो कोणाच्या श्रमातून आला, हे विचारणे इतिहास व अर्थशास्त्र शिकणाऱ्या आपणा सर्वांचे काम आहे.