व्यवस्थापनाची पहिली पायरी : शिकवता येणारा उस्ताद

व्यवस्थापन म्हटले की मोठ्या कंपनीचे साहेब डोळ्यांसमोर येतात. पण दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने आपल्या उद्योगांचे व्यवस्थापन सुधारले, ते मुकादमालाही वर्गात बसवून. पाच-दहा माणसांकडून काम करून घेणाऱ्या प्रत्येक कारखानदाराने ही पद्धत समजून घ्यावी.

पद्धत मूळची अमेरिकन. १९४० साली युद्धसामग्रीच्या कारखान्यांत नवखे कामगार भरले जात होते. त्यांना शिकवणारे मात्र अपुरे पडत होते. म्हणून तेथील सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही योजना काढली. सुमारे दहा मुकादमांचा एक गट, दोन तासांचे पाच वर्ग. विषय तीन : काम शिकवावे कसे, कामाची पद्धत सुधारावी कशी, माणसांशी वागावे कसे. १९४५ मध्ये अमेरिकेत योजना बंद झाली, पण पुढे जपानमध्ये ती रुजली. तेथे १९५० साली डॉ. डेमिंग यांनी गुणवत्तेवर व्याख्याने दिली, १९५५ मध्ये जपान उत्पादकता केंद्र निघाले आणि १९६२ पासून कामगारांची गुणवत्ता मंडळे सुरू झाली. साहेब, मुकादम, कामगार, तिघेही शिकत राहिले.

या वर्गात शिक्षक विजेच्या वायरीची एक गाठ शिकवी. आधी नुसती तोंडी सांगे. शिकणाऱ्याला जमत नसे. मग नुसती मारून दाखवी; तरी जमत नसे. त्यानंतर तो चार पायऱ्यांनी शिकवी :

१) शिकणाऱ्याची भीती घालवा; त्याला किती येते ते विचारा.
२) कामाचे टप्पे पाडून एकेक दाखवा; प्रत्येकातील खुबी व तिचे कारण सांगा.
३) त्याच्याकडून करवून घ्या, करताना खुबी त्याच्याच तोंडून वदवा.
४) कामाला लावा, पण अधूनमधून पाहत राहा.

शागीर्दाला आले नाही, तर दोष शिकवण्यात शोधावा, हे या पद्धतीचे सूत्र.

आपल्याकडे ‘बघ आणि शीक’ ही रीत. त्यामुळे सारे हुन्नर एकट्या उस्तादाच्या हातात राहते आणि तो आजारी पडला की ऑर्डर अडकते. शिकवले तर शागीर्द शेजारीच दुकान थाटेल, ही भीती अगदी खोटी नाही. पण न शिकवता ठेवलेला माणूसही चार पैसे जास्त मिळाले की जातोच. शिवाय तोवर माल बिघडवतो. शिकलेला माणूस हाताशी असेल, तरच मालकाला खरेदी, वसुली आणि नव्या गिऱ्हाइकासाठी बाहेर पडता येते.

सुरुवात एका कामापासून करा. समजा, शर्टाला कॉलर बसवायची आहे. कागदावर टप्पे लिहा. समोर खुबी लिहा : कॉलरचा मध्य पाठीच्या मध्याशी जुळवावा. कारण लिहा : नाहीतर कॉलर एका बाजूला ओढली जाते. मग नव्या मुलाला या चार पायऱ्यांनी शिकवा. असा एकेक कागद तयार होत गेला, की उस्तादाचे हुन्नर कारखान्याची मालमत्ता होते.