पोस्टग्रेसला मेमरी किती द्यावी?

प्रश्न : आमच्या पोस्टग्रेस सर्व्हरवर ३२ जीबी रॅम आहे. शेअर्ड बफर्स २४ जीबी केले, तरी क्वेरींचा वेग वाढला नाही. काय चुकले?
– एक वाचक

उत्तर : शेअर्ड बफर्स म्हणजे पोस्टग्रेसच्या सर्व प्रक्रियांची सामायिक मेमरी, डिस्कवरची ८ केबीची पाने तिच्यात राहतात. ती जितकी मोठी तितका वेग जास्त, हा समज इथे फसतो. पोस्टग्रेस फाइली ऑपरेटिंग सिस्टिममार्फत वाचते, त्यामुळे तेच पान सिस्टिमच्या कॅशमध्येही असू शकते. २४ जीबी अडवले, की त्या कॅशला आणि सॉर्टिंगसाठी वेगळ्या लागणाऱ्या वर्क मेमला जागा अपुरी पडते.

फक्त डेटाबेससाठी राखलेल्या यंत्रावर रॅमचा चौथा हिस्सा, म्हणजे इथे ८ जीबी, ही चांगली सुरुवात. ४० टक्क्यांपुढे सहसा फायदा होत नाही. मूळ मूल्य मात्र अवघे १२८ एमबी असते. तेही अशा यंत्राला तोकडेच. ‘इफेक्टिव्ह कॅश साइज’ या दुसऱ्या सेटिंगचे नाव फसवे आहे : ते मेमरी राखून ठेवत नाही, क्वेरीची योजना आखणाऱ्या प्लॅनरला उपलब्ध कॅशचा केवळ अंदाज देते.

शेअर्ड बफर्सचा आकडा चुकल्याने साठवलेला डेटा बिघडत नाही. मात्र हा आकडा बदलल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, म्हणून हे काम वर्दळ नसताना करावे.