पल्सरला मोठं इंजिन बसवू का?

प्रश्न : माझ्याकडे २०१० ची पल्सर १५० आहे. चढावर डबलसीट दम धरत नाही. मेकॅनिक म्हणतो, पल्सर १८० चं जुनं इंजिन यात बसतं. बसवावं का? – एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : दोन्ही गाड्या २००१ मध्ये जोडीनेच बाजारात आल्या. एकाच घराण्यातल्या असल्याने अदलाबदल सोपी वाटते. पण हाती काय येतं? १५० ची ताकद साधारण १५ पीएस, १८० ची १७. दोन पीएससाठी एवढा खटाटोप! शिवाय मोठ्या गाडीचे टायर-ब्रेक त्या ताकदीच्या हिशेबाने दिलेले असतात. ते आपोआप येत नाहीत.

कायद्याची बाजू याहून अवघड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातला तपशील मूळ उत्पादकाच्या नोंदीशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच ठणकावलं. कलम १८२अ(४) प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातात विम्याचा दावा अडकू शकतो. भंगारातलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर पोलिस स्टेशनच्या चकरा वेगळ्याच.

त्याऐवजी आधी कॉम्प्रेशन तपासा. टॅपेट, क्लच प्लेट, कार्ब्युरेटर, एअर फिल्टर बघा. पिस्टन-रिंग झिजल्या असतील तर रीबोअर करा. मागचं चेन-स्प्रॉकेट दोन दात मोठं घेतलं, की चढावर ओढ वाढते. टॉप स्पीड थोडा घटेल, एवढंच. तरीही भागलं नाही, तर ही विकून कागदपत्रं चोख असलेली १८० च घ्या.