नोंदींची दुसरी प्रत

भैरवगढ येथील सिद्धवटावर तीर्थपुरोहितांच्या वह्यांत यजमान कुटुंबांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातात. रुग्णांच्या नोंदीही तितक्याच निष्ठेने जपल्या जाव्यात.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधील सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस रुग्णनोंदणीपासून सारे हाताने लिहावे लागले. हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरमुळेच रुग्णांची माहिती परत मिळाली.

लहान दवाखान्यासही हाच बोध लागू पडतो. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला वाटते, की पेनिसिलिनची ॲलर्जी किंवा फेफऱ्यावरील औषधाची मात्रा एवढी एक ओळ हरवली, तरी बालकाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून नोंदींच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन भिन्न साधनांवर ठेवाव्यात आणि एक प्रत दवाखान्याबाहेर, संगणकापासून विलग असावी. क्षिप्रेचे पाणी चढल्यास एकाच खोलीतील मूळ नोंद आणि तिची प्रत दोन्ही जातील. बाहेरची प्रत पासवर्डने सुरक्षित करावी. रुग्णाचे गुपित हीही आपल्याकडील ठेवच आहे. दरमहा त्या प्रतीवरून एखादी नोंद उघडून पाहावी, कारण जी उघडत नाही ती प्रत नव्हेच.

पालकांनीही लसीकरणाचे कार्ड घरी जपावे आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. दवाखान्यातील सारे गेले, तरी तेवढे उरेल.